लँडस्केप स्टुडिओत जमिनीचा उतार कसा शिकवावा: आठ आठवड्यांची कार्यपद्धती

दुसऱ्या वर्षाच्या लँडस्केप स्टुडिओतली बहुतेक ड्रॉइंग सपाट असतात. झाडं छान मांडलेली, फरसबंदीची नक्षी देखणी, मधोमध कारंजं, आणि खालची जमीन मात्र कॅरम बोर्डासारखी. विद्यार्थ्यांना उतार येत नाही असं नसतं. खोदाई-भराव, निचरा, कंटूर (समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेघा) हे सगळं वेगळ्या तांत्रिक पेपरात शिकवलेलं असतं. तिथे ते गणितं सोडवतात, पास होतात आणि स्टुडिओत आल्यावर ती वही उघडत नाहीत. दोन विषय, दोन शिक्षक, दोन वह्या असल्या की असंच होणार. म्हणून ग्रेडिंग, म्हणजे जमिनीच्या पातळ्या आणि उतार ठरवणं, स्टुडिओतच शिकवावं, ज्या जागेवर डिझाइन करायचं त्याच जागेवर शिकवावं, आणि प्रत्येक ड्रॉइंगला पहिला प्रश्न एकच विचारावा: इथे पडलेलं पाणी कुठे जाणार?

पुढची कार्यपद्धती २४ विद्यार्थी, २ शिक्षक आणि आठवड्याला ३ तासांची २ सत्रं धरून मांडली आहे. विद्यार्थी जास्त असतील तर गट वाढवा, पण एका गटात ४ पेक्षा जास्त जण नकोत. पाचवा माणूस नेहमी फोटो काढत उभा राहतो.

सत्राआधीची तयारी

जागा चुकली तर पुढचे आठ आठवडे फुकट जातात. स्टुडिओपासून चालत १० मिनिटांच्या आत असलेली, ०.४ ते ०.८ हेक्टरची जागा निवडा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २ ते ४ मीटरचा चढउतार हवा. फरक त्याहून कमी असेल तर विद्यार्थ्यांना उतार दिसत नाही. ६-७ मीटर असेल तर अख्खं डिझाइन रिटेनिंग वॉलचं (माती अडवणाऱ्या भिंतींचं) होऊन बसतं. जागेवर चार गोष्टी असाव्यात: जिच्या जोत्याची पातळी बदलता येणार नाही अशी एक इमारत, निदान एक मोठं झाड, शेजाऱ्याची हद्द, आणि पाणी बाहेर जाण्याची एक ठरलेली वाट, मग तो नाला असो, चर असो की चेंबर. या चारही गोष्टी विद्यार्थ्याचा हात अडवतात आणि तिथेच तो विचार करायला लागतो. मोकळ्या माळावर काहीही काढलं तरी खपून जातं.

जागा शिक्षकांनी आधी स्वतः मोजून ठेवावी. स्टाफ, म्हणजे मोजणीची आकडे लिहिलेली उंच पट्टी, वाचताना मीटरचा आकडाच चुकणं ही नवख्यांची नेहमीची चूक आहे, आणि तुमच्याकडे तयार तक्ता नसेल तर अख्ख्या गटाची जमीन १ मीटर खाली गेलेली चौथ्या आठवड्यात कळते.

सामान असं लागेल: ऑटो लेव्हल (पातळ्या मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) २, तिवया २, ४ मीटरचे स्टाफ २, ३० मीटरच्या टेप ६, २ मीटर लांबीच्या सरळ फळ्या ६, स्पिरिट लेव्हल ६, लाकडी खुंट्या ६०, सुतळी, चुन्याची फक्की, ९० × ६० सेंमीचे आणि १५ सेंमी खोल वाळूचे ट्रे ६, साधारण ३० सेंमी लांबीचे पारदर्शक डबे ६ आणि मॉडेल करायची चिकणमाती. संगणकाची खोली सातव्या आठवड्यापर्यंत लागत नाही. कारण पुढे येईल.

आठवडा १: वाळू, माती, पाणी

पहिल्या सत्रात व्याख्यान नको. ट्रेमध्ये ओलसर वाळू भरा. मुठीत दाबली तर गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, इतपतच ओल हवी. प्रत्येक गटाने एक टेकडी, एक सोंड (उतारावर पुढे आलेला उंचवटा), एक घळ, एक खोलगट आणि दोन टेकड्यांमधली खिंड करावी. मग झारीने हळू पाणी सोडायचं आणि पाणी कुठून वाहिलं ते खुणावायचं. सोंडेवर पाणी दोन्हीकडे फाकतं आणि घळीत एकत्र येतं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढे निम्मं समजावणं वाचतं.

दुसऱ्या सत्रात कंटूर. पारदर्शक डब्यात चिकणमातीचा छोटा डोंगर करा, त्यात एक घळ आणि एक सोंड असू द्या. डब्याच्या बाजूवर १ सेंमी अंतराने खुणा करा. पहिल्या खुणेपर्यंत पाणी भरा, पाण्याची कड मातीवर जिथे लागली तिथे टोकदार काडीने रेघ ओढा, मग दुसऱ्या खुणेपर्यंत भरा. असं वरपर्यंत गेल्यावर पाणी काढून टाका, डब्यावर काच ठेवा आणि मातीवरच्या रेघा वरून काचेवर उतरवा. इथे एक गंमत होते: प्रत्येक जण डोकं हलवत रेघा काढतो, त्यामुळे वरच्या रेघा सरकतात आणि कधी कधी एकमेकींना छेदतात. एक डोळा मिटून, ज्या बिंदूवर रेघ काढायची त्याच्या बरोबर वर डोळा नेऊन काढायला सांगा. दोन कंटूर एकमेकांना छेदू शकत नाहीत हा नियम तेव्हाच सांगावा, कारण चूक समोरच असते.

घरचं काम म्हणून १० छोट्या कंटूर आकृत्या द्या, प्रत्येकीचं भूरूप ओळखायचं आणि पाण्याचे बाण काढायचे. सर्वांत जास्त चुका घळ आणि सोंड यांत होतात. घळीत रेघेचं टोक चढाच्या बाजूला वळतं, सोंडेवर उताराच्या बाजूला. आणि आकडे न वाचता नुसता आकार पाहिला तर दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून आकृत्यांमध्ये एकच आकार आकडे उलटे करून दोनदा द्या.

आठवडा २: मोजणी

मोजणी सर्व्हेयरकडून आयती घ्यावी असा मोह होतो, कारण त्यात दोन सत्रं वाचतात. घेऊ नका. जमिनीवर स्टाफ धरून उभं राहिल्याशिवाय ९९.२४५ या आकड्यामागची जमीन डोळ्यांसमोर येत नाही.

तीन गट मोजणीला, तीन गट झाडं, पृष्ठभाग, चेंबर आणि ओलावा यांची नोंद करायला. पुढच्या सत्रात अदलाबदल. मोजणीची पद्धत:

१. कायम राहणारा एक बिंदू बेंचमार्क म्हणून ठरवा. इमारतीच्या पायरीचा कोपरा चालतो, मातीतला दगड चालत नाही. त्याला १००.००० ही पातळी द्या.

२. फक्कीने १० मीटरची चौकट आखा. ०.६ हेक्टरला साधारण ७० ते ८० बिंदू होतात.

३. लेव्हल लावून बेंचमार्कवर स्टाफ वाचा. समजा वाचन १.४२५ आलं, तर यंत्राची उंची १०१.४२५.

४. बाकीच्या बिंदूंवर वाचन घ्या. एखाद्या बिंदूवर २.१८० आलं, तर त्याची पातळी १०१.४२५ वजा २.१८०, म्हणजे ९९.२४५.

५. चौकटीबाहेरचे महत्त्वाचे बिंदू विसरू नका: बांधाचा माथा आणि पायथा, झाडाचं बूड, जोत्याची कड, चेंबरचं झाकण, नाल्याचा तळ. चौकटीच्या दोन बिंदूंमध्ये १ मीटरचा बांध असेल तर चौकट तो गिळून टाकते आणि कागदावर तिथे मुलायम उतार दिसतो.

६. शेवटी पुन्हा बेंचमार्कवर या. सगळ्या बॅकसाइटची (यंत्र लावल्यावर माहीत पातळीच्या बिंदूवर घेतलेल्या पहिल्या वाचनांची) बेरीज वजा सगळ्या फोरसाइटची (यंत्र हलवण्याआधीच्या शेवटच्या वाचनांची) बेरीज, आणि शेवटची पातळी वजा पहिली पातळी, हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत. ते जुळले तर आकडेमोड बरोबर. मोजणी बरोबर आहे का ते वेगळं: सुरुवातीची आणि परत आल्यावरची बेंचमार्कची पातळी यांतली तफावत, साधारण कामासाठी, किलोमीटरमधल्या अंतराच्या वर्गमुळाच्या २४ पट मिलिमीटरच्या आत हवी. ४०० मीटरच्या फेरीला ती १५ मिमी येते.

चुका कुठे होतात? स्टाफ तिरका धरला की वाचन नेहमी जास्त येतं, म्हणजे जमीन आहे त्याहून खाली दिसते. स्टाफ पुढे-मागे हळू झुलवून सर्वांत कमी वाचन घ्यायला शिकवा. तिवईला कोणाचा तरी पाय लागतो आणि ते कोणी सांगत नाही, म्हणून दर १५ बिंदूंनंतर बेंचमार्क पुन्हा वाचायचा. आणि मोठं वाचन म्हणजे खोल जमीन, ही गोष्ट पहिल्या दिवशी निम्म्या वर्गाच्या डोक्यात उलटी बसते. त्यावर इलाज एकच: वाचन घेतल्यावर वहीत लिहिण्याआधी मोठ्याने सांगायचं, "मागच्यापेक्षा खाली" किंवा "मागच्यापेक्षा वर".

आठवडा ३: आकडे पायांनी ओळखणे

आता चौकटीतून कंटूर काढायचे. ९९.२४५ आणि १००.१०५ हे १० मीटर अंतरावरचे दोन बिंदू घ्या. फरक ०.८६०, म्हणजे उतार ८.६%. मधला ९९.५ चा कंटूर पहिल्या बिंदूपासून ०.२५५ भागिले ०.८६० गुणिले १०, म्हणजे २.९७ मीटरवर, १००.० चा कंटूर ८.७८ मीटरवर. अशी २० ठिकाणं हाताने काढली की हात बसतो. १:२०० च्या मापाला दर ०.५ मीटर उंचीला एक कंटूर काढा आणि त्याच आठवड्यात २.५ मिमी जाडीच्या पुठ्ठ्याचं मॉडेल करून घ्या. त्या मापाला एक थर म्हणजे बरोबर ०.५ मीटर. ८० × ७५ मीटरची जागा ४० × ३७.५ सेंमीच्या मॉडेलमध्ये बसते. मॉडेल फारच चपटं दिसतं अशी तक्रार येईल. उंची वाढवून करायची परवानगी देऊ नका. जमीन चपटीच असते. ३ मीटरचा उतार ८० मीटरवर किती सौम्य दिसतो, हेच तर त्यांनी पाहायचं आहे.

या आठवड्याचं दुसरं सत्र आवारात फिरण्याचं. २ मीटरची फळी, स्पिरिट लेव्हल आणि मोजपट्टी घेऊन गटांनी निदान १५ उतार मोजायचे. फळी समपातळीत धरल्यावर खालच्या टोकाशी ४ सेंमी फट राहिली तर उतार २%. आधी अंदाज लिहायचा, मग मोजायचं. जवळपास सगळेच उतार प्रत्यक्षापेक्षा जास्त सांगतात. १०% ला २५% म्हणतात. फेरी संपेपर्यंत पुढचे आकडे पायांना ओळखीचे व्हायला हवेत.

काँक्रीटच्या सफाईदार पृष्ठभागावर १% उतारावरून पाणी जातं. हाताने बसवलेल्या फरशीला १.५ ते २% हवा, कारण सांध्यांत पाणी अडतं. हिरवळीला किमान २%. पायवाटेचा आडवा उतार २% च्या आत, नाहीतर चाकाची खुर्ची एका बाजूला ओढली जाते. इमारतीलगतच्या मातीला पहिले ३ मीटर इमारतीपासून दूर जाणारा ५% उतार द्यावा. अनेक देशांच्या सुगम्यता नियमांत ५% च्या पुढे वाट ही वाट राहत नाही, रॅम्प होते आणि कठडा, लँडिंग (थांबायला सपाट टप्पा) हे सगळं मागे लागतं. ८.३३%, म्हणजे १:१२, ही रॅम्पची नेहमीची कमाल. गवत यंत्राने कापायचं असेल तर १:४ सोयीचं, १:३ ही शेवटची हद्द. १:२ वर फक्त झुडपं आणि वेली, तेही माती धरून ठेवणाऱ्या जाळीसकट. त्याहून उभं असेल तर भिंत किंवा दगडी पिचिंग लागतं. स्थानिक नियम वेगळे असू शकतात. त्या त्या ठिकाणचा तक्ता भिंतीवर लावा, पण आधी पायांनी मोजू द्या.

आठवडा ४ आणि ५: एका ओट्याचं गणित

संपूर्ण जागेचं डिझाइन लगेच सुरू करू नका. एकच लहान काम द्या आणि त्यावर दोन आठवडे घालवा: ५% एकसारख्या उतारावर २० × १२ मीटरचा फरसबंद ओटा बसवायचा, १२ मीटरची बाजू उताराच्या दिशेने. ओट्याला १.५% उतार, त्याच दिशेने. प्रत्येकाने तीन पर्याय काढायचे: सगळी खोदाई, सगळा भराव, निम्मं-निम्मं. १:१०० ला ०.२५ मीटरचे कंटूर घेतले तर तोच २.५ मिमीचा पुठ्ठा मॉडेलला चालतो.

आकडेमोड अशी जाते. १२ मीटरवर जमीन ०.६० मीटर उतरते, ओटा ०.१८ मीटर उतरतो, फरक ०.४२ मीटर. निम्मं-निम्मं केलं तर वरच्या कडेला ०.२१ मीटर खोदाई आणि खालच्या कडेला ०.२१ मीटर भराव. खोदाईचा पाचराकार भाग ६ मीटर रुंद, म्हणून ६ × ०.२१ ÷ २ × २० = १२.६ घनमीटर, भरावही तितकाच. सगळी खोदाई केली तर १२ × ०.४२ ÷ २ × २० = ५०.४ घनमीटर. चौपट! आणि त्यासाठी भरावाची जागा नाही, म्हणजे सगळी माती बाहेर. उकरलेली माती फुगते. २५% धरली तर ट्रकमध्ये ६३ घनमीटर जाते. उलट दाबून केलेल्या भरावात ती १० ते १५% आकसते, म्हणून निम्म्या-निम्म्या पर्यायातही कागदावर जुळलेला हिशेब जागेवर दीड घनमीटरच्या आसपास कमी पडतो. ओट्याची पातळी जरा खाली घेतली की तो जुळतो. किती खाली, ते त्यांनीच काढावं.

आता वरची सुपीक माती. कामाआधी १५ सेंमी थर काढून ठेवायचा असतो: २४० चौरस मीटर × ०.१५ = ३६ घनमीटर. म्हणजे जपून ठेवायचा ढीग खोदाईच्या जवळजवळ तिप्पट! हा आकडा विद्यार्थ्यांना सांगू नका, काढू द्या. त्यानंतरच ते विचारतात की हा ढीग ठेवायचा कुठे. उत्तर ड्रॉइंगवर दाखवायला लावा: उंची २ मीटरच्या आत, त्यावरून गाडी जाणार नाही, झाडाखाली नाही.

कडेचे उतार मूळ जमिनीला जिथे मिळतात तिथे हमखास चूक होते. खालच्या कडेला ०.२१ मीटर भराव आहे आणि कडेचा उतार १:४ ठेवला, तर विद्यार्थी ०.२१ × ४ = ०.८४ मीटर लिहून मोकळा होतो. पण भरावाचा उतार खाली जात असताना जमीनही ५% ने खाली पळत असते. अंतर ०.२१ ÷ (०.२५ − ०.०५) = १.०५ मीटर येतं. सगळा भराव असेल तर २.१० मीटर. हाच हिशेब मोठ्या उतारावर केला की कळतं, कधी कधी भरावाचा उतार हद्दीच्या आत जमिनीला मिळतच नाही, आणि मग भिंत लागते. भिंत ही आवड म्हणून येऊ नये, या आकड्यातून यावी.

आणि वरून येणारं पाणी? खोदाईच्या पायथ्याशी ते थेट ओट्यावर येतं. ओट्याच्या वरच्या बाजूला उथळ गवताळ चर हवी, तिला १ ते ४% लांबीचा उतार हवा, आणि ती ओट्याला वळसा घालून दोन्ही बाजूंनी खाली गेली पाहिजे. त्यासाठी दीडेक मीटर रुंदी जाते आणि वरचा कंटूर मागे ढकलावा लागतो. पहिल्या फेरीत चर दाखवणारे विद्यार्थी मोजके असतात. काही जण चर काढतात, पण तिचे कंटूर ओट्याला समांतर सरळ ठेवतात. तशी चर सपाट असते, म्हणजे डबकं. चरीचा मधला उंचवटा ठरवून तिथून दोन्हीकडे पातळ्या लिहायला लावल्या की हे सुटतं.

कागदावरची शिस्त इथेच लावा: मूळ कंटूर तुटक, नवे सलग, प्रत्येक नवा कंटूर दोन्ही टोकांना त्याच आकड्याच्या मूळ कंटूरला मिळाला पाहिजे. मिळाला नाही तर जमीन हवेत संपते. तपासायला सोपी युक्ती म्हणजे दोन रंगांच्या पेन्सिली: नवा कंटूर मूळ जागेपासून चढाकडे सरकला तर मधला पट्टा खोदाईचा, उताराकडे सरकला तर भरावाचा. ड्रॉइंग रंगवल्याबरोबर असमतोल नजरेत भरतो.

झाडाचा नियमही याच वेळी द्या. मुळांना श्वास वरच्या थरातून मिळतो, त्यामुळे भराव झाडाला खोदाईइतकाच मारतो; फक्त उशिरा, आणि मग कोणाच्या लक्षात येत नाही की कारण भराव होतं. ब्रिटिश मानक ५८३७ नुसार संरक्षित मूळक्षेत्राची त्रिज्या खोडाच्या व्यासाच्या १२ पट. ४० सेंमीच्या खोडाला ४.८ मीटर. त्या वर्तुळात पातळीला हात लावायचा नाही.

उदाहरणं दाखवायची तर फोटो नको, पातळ्या दाखवा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कसाठी ओल्मस्टेड आणि व्हॉक्स यांनी १८५८ च्या आराखड्यात आडवे जाणारे ४ रस्ते जमिनीच्या पातळीखाली नेले; वाहतूक बागेतून जाते आणि बागेतल्या माणसाला ती जाणवत नाही. वॉशिंग्टनचं व्हिएतनाम युद्ध स्मारक तर वर्गासाठी वरदानच आहे, कारण माया लिन यांची ती कल्पना येल विद्यापीठात शिकत असतानाच्या वर्गकामातून आली आणि १९८२ मध्ये स्मारक उभं राहिलं. प्रत्येक भिंत सुमारे ७५ मीटर, कोपऱ्यात उंची सुमारे ३ मीटर. वरची कड समपातळीत धरून वाटेचा उतार काढायला सांगा. ४% येतो. ५% च्या आत! म्हणून तिथे रॅम्प नाही, लँडिंग नाही. माणूस नकळत जमिनीत उतरत जातो.

आठवडा ६: पाणी मोजणे

वाळूतले बाण आता आकड्यांत आणायचे. परिमेय पद्धत पुरते: प्रवाह म्हणजे वाहून जाण्याचा गुणांक गुणिले पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्र, भागिले ३६०. तीव्रता मिमी प्रति तास, क्षेत्र हेक्टर, उत्तर घनमीटर प्रति सेकंद. अर्धा हेक्टर, ६० मिमी प्रति तास पाऊस: चिकण मातीवरच्या हिरवळीला ०.२५ गुणांक धरला तर सेकंदाला २१ लिटर, फरसबंदीला ०.९ धरला तर ७५ लिटर. उत्तर खरं वाटत नसेल तर सरळ हिशेबाने ताडून घ्यायला सांगा: ५००० चौरस मीटरवर ६० मिमी म्हणजे ३०० घनमीटर, त्याचे ९०% म्हणजे २७०, आणि ७५ लिटर × ३६०० सेकंद म्हणजेही २७०.

प्रत्येकाने आपल्या डिझाइनचं आधीचं आणि नंतरचं वाहणारं पाणी मांडावं. वाढलेलं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत ढकलायचं नाही. जागेतच थांबवायचं, जिरवायचं किंवा ठरलेल्या वाटेला हळू सोडायचं. मग शेवटचा प्रश्न, आणि तो प्रत्येकाला विचारायचाच: पानं अडकून ही जाळी तुंबली तर पाणी कुठे जाईल? तुंबलेलं पाणी इमारतीत शिरत असेल तर डिझाइन परत करा, मग ते कितीही सुंदर असो.

आठवडा ७: पायऱ्या, रॅम्प आणि संगणक

१.२ मीटर चढायचं आहे. १:१२ चा रॅम्प म्हणून विद्यार्थी १४.४ मीटर काढतो. एका टप्प्यात साधारण ७६० मिमीपेक्षा जास्त चढता येत नाही, म्हणून ०.६ मीटरचे दोन टप्पे, मध्ये १.५ मीटरचं लँडिंग, वर आणि खाली आणखी एकेक: एकूण १८.९ मीटर. मग ५% ची वाट २४ मीटरमध्ये होत असेल तर कठड्यांचा रॅम्प कशाला, हा प्रश्न आपोआप येतो. पायऱ्यांसाठी दोन चढ (पायरीची उंची) अधिक एक पाऊल (पाय ठेवायची रुंदी) हे ६०० ते ६५० मिमीत बसवा. ८ चढ आणि ३५० मिमीची ७ पावलं घेतली तर प्रत्येक पावलाला १% उतार द्यायला विसरू नका. तो मिळून २५ मिमी खातो, म्हणून चढ १५० ऐवजी १४७ मिमी. हा ३ मिमीचा फरक दाखवला नाही तर गवंडी तो शेवटच्या पायरीत ढकलतो आणि लोक तिथेच अडखळतात.

संगणक आत्ता आणायचा. सॉफ्टवेअर बिंदूंमध्ये त्रिकोण ताणून पृष्ठभाग तयार करतं. भिंतीची, कर्बची, बांधाची कड ब्रेकलाइन (उतार जिथे एकदम बदलतो ती रेघ) म्हणून दिली नाही तर ते कडेवरून मुलायम उतार काढतं आणि खोदाई-भरावाचा आकडा दोन दशांशांपर्यंत अचूक, पण साफ चुकीचा देतं. ज्याने ओट्याचं गणित हाताने केलंय त्याला हा आकडा खटकतो. बाकीचे तो शीटवर चिकटवतात. म्हणून आठवडा ७ आधी संगणक नाही.

टेबलावरची चर्चा

एका शिक्षकाकडे १२ विद्यार्थी आणि १८० मिनिटं म्हणजे प्रत्येकी १५, तेही श्वास न घेता. त्यापेक्षा दोघांना एकत्र बसवून २५ मिनिटं द्या: सहा जोड्या १५० मिनिटांत होतात आणि सगळ्यांना दिसलेल्या चुकांवर बोलायला अर्धा तास उरतो. विद्यार्थ्याच्या कागदावर शिक्षकाने रेघ मारू नये. वर ट्रेसिंग ठेवा. सुधारलेला कंटूर तुम्ही काढून दिला की तो तुमचा होतो, आणि पुढच्या वेळी विद्यार्थी कोरा कागद घेऊन येतो. चर्चेची सुरुवात कल्पनेपासून करू नका. बोट ठेवून एका बिंदूची पातळी विचारा, मग शेजारच्या बिंदूची. तिसऱ्या बिंदूपर्यंत कळतं की हे डिझाइन जमिनीवर आहे की कागदावर.

आठवडा ८: दुसऱ्याच्या ड्रॉइंगवरून आखणी

शेवटच्या ज्युरीआधी, म्हणजे परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाआधी, ही चाचणी घ्या. प्रत्येक गटाचं एक ड्रॉइंग दुसऱ्या गटाला द्यायचं. लेव्हल, टेप, खुंट्या घेऊन ४० मिनिटांत ६ बिंदू जागेवर लावायचे: ओट्याचे दोन कोपरे, रॅम्पचा माथा आणि पायथा, चरीची सुरुवात आणि शेवट. प्रत्येक खुंटीवर खोदाई किंवा भरावाचा आकडा लिहायचा. ड्रॉइंगवर पातळी ९९.८५ आणि जमिनीवर ९९.५० असेल तर खुंटीवर "भराव ०.३५". लेव्हल दोनच असल्याने गटांच्या वेळा पाळीपाळीने लावा.

ज्याचं ड्रॉइंग आहे त्याने गप्प उभं राहायचं. आखणाऱ्या गटाला जे जे विचारावंसं वाटलं ते त्यांनी कागदावर लिहायचं; तेवढी माहिती ड्रॉइंगवर नव्हती. सहसा गायब असतं ते असं: बेंचमार्क कुठे आहे, अंतर कशापासून मोजायचं, पायरीची पातळी वरची की खालची, भिंतीच्या माथ्याची आणि पायथ्याची पातळी. ही यादी घेऊन ड्रॉइंग दुरुस्त करायला दोन दिवस द्या आणि मगच ज्युरी भरवा. ज्युरीत प्रत्यक्ष काम करून घेणारा एक साइट इंजिनिअर असावा. तो कल्पनेचं कौतुक न करता थेट पातळ्या वाचतो.

गुणांची विभागणी अशी ठेवता येते: मोजणी आणि कंटूर १५, ओट्याचा सराव २०, डिझाइन ३५, ड्रॉइंगचा संच २०, आखणी १०. आखणीचे गुण ड्रॉइंग काढणाऱ्या आणि आखणाऱ्या अशा दोन्ही गटांना सारखेच द्या, म्हणजे कोणी मुद्दाम अडवत नाही. एक अट मात्र सत्राच्या पहिल्याच दिवशी लेखी सांगून ठेवा: पाणी इमारतीकडे जात असेल तर डिझाइनच्या ३५ पैकी निम्म्याहून जास्त गुण मिळणार नाहीत, आणि दुरुस्त करून पुन्हा सादर करायला एक आठवडा मिळेल.